‘डिस्पोजेबल’ : एका शब्दाची विल्हेवाट

(व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



घरात लग्नकार्य ठरते. स्वयंपाकाचा कंत्राटदार येतो, पदार्थांची यादी होते, पानांचा आकडा ठरतो आणि वही मिटता मिटता तो विचारतो, "ताटं स्टीलची लावायची की डिस्पोजल?" वधुपिता क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, "डिस्पोजलच लावा. धुण्याची कटकट नको." इंग्रजीत ‘डिस्पोजेबल’ हे विशेषण आहे. मराठी माणसाने त्याचे शेपूट कापून नाम केले, त्याचे अनेकवचनही केले. बाजारपेठेत ‘डिस्पोजल आयटम होलसेल भावात’ अशा पाट्या लागल्या. दवाखान्यात आजी नातवाला घेऊन जाते आणि परिचारिकेला दटावून विचारते, "सुई डिस्पोजल आहे ना गं?" शाळकरी मुलाच्या तोंडी याच शब्दाचे धाकटे भावंड असते : यूज अँड थ्रो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा एवढा एक शब्द आहे.

एखादा परकीय शब्द घरात आला म्हणून खेद करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द दिले, ते रुळले आणि आज ते घडवलेले आहेत हेही कोणाच्या लक्षात येत नाही. ‘डिस्पोजेबल’ला मात्र असा रुळणारा मराठी शब्द सापडलेला नाही. याचे कारण शोधू गेले तर मोठी गंमत दिसते. ‘टाकाऊ’ म्हणावे, तर टाकाऊ ही वस्तूची आजची अवस्था झाली. फुटलेली घागर टाकाऊ, विरलेले धोतर टाकाऊ. ते धोतर कधीतरी नवे होते, त्याने आपले आयुष्य भोगले, मग ते टाकाऊ झाले, आणि त्यानंतरही त्याची लंगोटी, दुपटे, पायपुसणे अशी रूपांतरे होत राहिली. पन्नासच्या गठ्ठ्यातला कागदी पेला कोरा करकरीत असतो, शुभ्र असतो, त्यात कसलाही दोष नसतो. तरीही त्याला पाहताक्षणी आपण डिस्पोजेबल म्हणतो. म्हणजे त्याचे टाकले जाणे त्याच्या जन्माबरोबरच ठरलेले असते. जी वस्तू घडवतानाच तिचे फेकले जाणे ठरले आहे, अशा वस्तूची कल्पनाच मराठी घराला नव्हती, म्हणून तिला नावही नव्हते. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देत असे, कल्हईवाला दारात भाता लावून बसत असे, जुन्या लुगड्यांची गोधडी होत असे. या सगळ्या व्यवहारात वस्तूला एकामागून एक आश्रम होते.

मूळ इंग्रजी शब्दाकडे वळले तर आणखी एक आश्चर्य वाट्याला येते. ‘डिस्पोज’ हे क्रियापद लॅटिनमधून आले आणि तेथे त्याचा अर्थ होता निरनिराळ्या ठिकाणी नीट मांडणे, व्यवस्था लावणे. माणूस मनात काही योजतो आणि शेवटची व्यवस्था ईश्वर लावतो, अशा आशयाची जी जुनी युरोपीय म्हण आहे, तिच्यात ईश्वराच्या कृतीसाठी हेच क्रियापद योजले आहे. तेथे ईश्वर काही फेकून देत नाही! सतराव्या शतकात ‘डिस्पोजेबल’ हे विशेषण वापरात आले तेव्हा ज्यावाचून अडणार नाही असा एक अर्थ त्यात होता. पण त्याबरोबरच, गरज पडेल तेथे उपयोगात आणता येईल असे मोकळे, हाताशी असलेले, असा दुसरा अर्थही होता. एकोणिसाव्या शतकातील लष्करी इंग्रजीत ‘डिस्पोजेबल फोर्स’ म्हणजे सेनापतीच्या हाताशी मोकळी असलेली फौज. आपल्याकडे ‘दिमतीला असणे’ म्हणतात, तसा तो भाव आहे. अर्थशास्त्रात तो अर्थ अजून जिवंत आहे. कर वगैरे देऊन झाल्यावर कुटुंबाच्या हाती खर्चासाठी किंवा बचतीसाठी जी रक्कम उरते तिला ‘डिस्पोजेबल इन्कम’ म्हणतात. ती रक्कम कोणी कचराकुंडीत टाकत नाही. फेकून देण्याजोगा हा अर्थ या शब्दाला प्रामुख्याने विसाव्या शतकात चिकटला, आणि त्याने बाकीचे अर्थ झाकून टाकले.

मराठीतही नेमके असेच घडले आहे. ‘विल्हेवाट’ हा आपला शब्द घ्या. जुन्या मराठीत विल्हे म्हणजे व्यवस्था, लावणी. कामे विल्हेस लावणे म्हणजे ती जागच्या जागी, मार्गी लावणे. मृत्युपत्रात आजही लिहितात की, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची विल्हेवाट पुढीलप्रमाणे करावी. म्हणजे घर कोणाला, शेत कोणाला, देवघरातील टाक कोणाकडे जायचे, हे मागे राहणाऱ्यांचा विचार करून ठरवणे. तोच शब्द वृत्तपत्रात येतो तेव्हा कशाबरोबर येतो? कचऱ्याची विल्हेवाट, मृतदेहाची विल्हेवाट, पुराव्याची विल्हेवाट. नजरेआड करणे एवढाच अर्थ उरला. लॅटिनचा आणि मराठीचा शब्द, दोघेही व्यवस्थेच्या घरातून निघाले आणि उकिरड्यावर येऊन पोहोचले.

आपल्या देशात ‘डिस्पोजल’ हा शब्द सामान्य माणसाच्या कानावर पडला तो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि लष्कराकडे उरलेला माल विक्रीला निघाला. जीपगाड्या, तंबू, बूट, ब्लँकेटे. त्याला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत आणि तो टिकाऊ म्हणून नावाजला जाई! पुढे केंद्र सरकारचे ‘सप्लाइज अँड डिस्पोजल्स’ हे महासंचालनालय अनेक दशके चालले, ते ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. न्यायालयात आजही ‘केस डिस्पोज झाली’ असे म्हणतात. प्रकरण निकाली निघाले एवढाच त्याचा अर्थ. न्याय मिळाला की नाही, हे पक्षकाराला विचारावे.

फेकण्याचा संस्कार

आज रूढ असलेला अर्थ घडला तो अमेरिकेत. त्याची सुरुवात काही वाईट हेतूने झाली नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तेथील रेल्वेत, शाळांत, सार्वजनिक ठिकाणी पाण्याच्या पिंपाला एकच पेला साखळीने बांधलेला असे आणि सगळे त्यातूनच पाणी पीत. क्षयासारखे रोग त्यातून पसरतात हे ध्यानात आल्यावर १९०९ मध्ये कॅन्सास राज्याने तो सामाईक पेला बंद केला. त्याच सुमारास, १९०७ मध्ये, बोस्टनमध्ये कागदी पेला तयार झाला होता. त्याच्या सुरुवातीच्या नावातच आरोग्य हा शब्द होता. त्याआधी १९०३ मध्ये किंग जिलेट याने बदलत्या पात्याचा वस्तरा बाजारात आणला. पहिल्या वर्षी त्याचे अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. बाटलीच्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला होता, असे सांगतात, की लोक एकदा वापरून टाकतील आणि पुन्हा घ्यायला येतील अशी काहीतरी वस्तू शोधून काढ. येथे आरोग्याची जागा व्यापाराने घेतली.

पुढचा टप्पा फार बोलका आहे. १ ऑगस्ट १९५५ च्या ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात एक छायाचित्र छापून आले. आई, वडील आणि मूल असे त्रिकोणी कुटुंब दोन्ही हात उंचावून उभे आहे आणि त्यांच्या भोवती ताटे, पेले, चमचे, पडदे असा वस्तूंचा पाऊस पडतो आहे. या सगळ्या वस्तू धुवायला चाळीस तास लागले असते, आता त्या नुसत्या फेकायच्या, असा मजकुराचा आशय होता. छायाचित्रातील माणसांच्या चेहऱ्यावर उत्सवाचा आनंद आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, आवेष्टन व्यवसायाच्या एका नियतकालिकाचे संपादक लॉइड स्टाउफर यांनी प्लास्टिक उत्पादकांना सांगितले की, पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्तूंचा विचार सोडा, तुमच्या धंद्याचे भवितव्य कचऱ्याच्या डब्यात आहे. ज्या समाजाने महामंदी आणि युद्धकाळातील टंचाई नुकतीच सोसली होती, दोरा आणि डबा जपून ठेवला होता, त्याला फेकायला शिकवावे लागले. काटकसर ही माणसाची सहजप्रवृत्ती होती, उधळपट्टी हा त्याच्यावर केलेला संस्कार आहे, हे या इतिहासावरून ध्यानी यावे.

तथापि, एका क्षेत्रात या शब्दाचे ऋण मान्य केलेच पाहिजे, ते म्हणजे वैद्यक. एकेकाळी काचेची सिरिंज आणि सुई उकळून पुन्हा वापरत असत. घाईत उकळणे अर्धवट राही आणि एकाची कावीळ दुसऱ्याला होई. एड्सच्या भीतीनंतर लोक आपण होऊन नवी सुई मागू लागले. त्या आजीबाईंचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो शहाणपणाचा आहे. पण येथेही या शब्दाने फसवले. २००९ च्या आरंभी गुजरातेत, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा परिसरात, कावीळ ब ची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. तपासात वापरलेल्या सिरिंजांचा पुनर्वापर पुढे आला, दवाखान्यांतील कचरा पुन्हा बाजारात जात असल्याचेही उघड झाले. वेष्टनावर ‘डिस्पोजेबल’ छापले होते. पण वस्तू आपली आपण नष्ट होत नाही. कोणीतरी ती सुई मोडावी लागते, सिरिंज कापावी लागते, वेगळ्या पिशवीत भरून जाळण्यासाठी वा निर्जंतुक करण्यासाठी पाठवावी लागते. हे काम करणारा हात चुकला किंवा विकला गेला, तर एकदाच वापरायची सुई दहादा वापरली जाते. म्हणून तर आता लसीकरणात एकदा दट्ट्या दाबला की परत ओढता येत नाही अशी सिरिंज वापरतात. माणसावरचा विश्वास उडाल्यावर यंत्रात कुलूप बसवावे लागले.

पत्रावळ आणि तिच्यानंतर

येथे कोणी म्हणेल की एकदा वापरून टाकणे हे आपल्याकडेही होतेच. पळसाची पत्रावळ, द्रोण, केळीचे पान, कुंभाराचे मडके. आक्षेप योग्य आहे. पत्रावळ ही अव्वल दर्जाची डिस्पोजेबल वस्तू आहे! बांबूच्या हिरांनी टाचलेली पाने, जेवण झाले की गाईगुरांपुढे नाहीतर उकिरड्यावर, आणि पावसाळा सरेपर्यंत तिचे खत. आपल्या परंपरेने वस्तूच्या शेवटाचाही विचार केलेला होता. पार्थिव गणपतीचे आपण विसर्जन करतो. सर्जन आणि विसर्जन हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत. घडवणे आणि सोडणे यांचे मूळ एक. मातीची मूर्ती ज्या मातीतून आली तेथे परत जाते आणि जाताना तिला पुन्हा येण्याचे निमंत्रण दिले जाते. (प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरत नाही, दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर भंगलेली सापडते, तिचे जे होते त्याला विसर्जन म्हणवत नाही.) वाहिलेल्या फुलांना आपण कचरा म्हणत नाही, निर्माल्य म्हणतो. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर एक संपूर्ण सूक्त उच्छिष्टाला वाहिलेले आहे. यज्ञात आहुती दिल्यावर जे शेष उरते, त्याच्या आधाराने सारे विश्व उभे आहे, असे ऋषी सांगतो. ‘उष्टे’ हा आपला शब्द या उच्छिष्टाचाच वंशज.

इथपर्यंत सांगून थांबले तर टाळ्या मिळतील. पण मग पुढचा प्रश्न राहून जातो : पंगत उठल्यावर त्या पत्रावळी कोण उचलत असे?

उच्छिष्टाचे सूक्त रचणाऱ्या समाजात उष्टे काढणाऱ्याची जात ठरली. घाण करणारा शुद्ध राहिला आणि घाण काढणारा विटाळाचा धनी झाला. मातीच्या पेल्याचे आपण कौतुक करतो. २००४ मध्ये रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी रेल्वेत कुल्हड आणले तेव्हाही कौतुक झाले. ते पुरेसे चालले नाहीत, आणि भाजलेली माती, भट्टीचे इंधन यांचा हिशेबही दिसतो तितका सोपा नव्हता. पण एकदा पिऊन पेला फोडण्याच्या रीतीमागे स्वच्छतेबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे दुसऱ्याच्या स्पर्शाची धास्ती. ज्याने तोंड लावले तो कोणत्या जातीचा होता हे कळायला मार्ग नाही, तर पेलाच फोडा. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी, अस्पृश्यता जर चुकीची नसेल तर जगात चुकीचे असे काहीच नाही, अशा आशयाचे निःसंदिग्ध प्रतिपादन केले, तेव्हा त्यांनी श्रोत्यांना रुचेल तेवढेच सांगण्याची सोय पाहिली नव्हती.

परंपरेतच या प्रश्नाचे उत्तरही आहे. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने स्वतःकडे कोणते काम घेतले? महाभारत सांगते, आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे. लोकपरंपरा आणि कीर्तनकार आणखी एक पाऊल पुढे गेले आणि त्यांनी भगवंताच्या हाती उष्ट्या पत्रावळी दिल्या. अग्रपूजेचा मान ज्याचा, त्यानेच पत्रावळी काढल्या. ही कथा ज्यांनी रचली त्यांना समाजाचे दुखणे नेमके कळले होते. आणि विसाव्या शतकात वऱ्हाडात ती कथा प्रत्यक्ष जगणारा पुरुष झाला. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेणगावी जन्मलेला डेबूजी. गावात कीर्तन असले की हा आधी खराटा घेऊन गाव झाडून काढी. दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री लोकांची मने. अंगावर चिंध्यांची गोधडी, आणि जेवायला व डोक्यावर ठेवायला एक फुटके गाडगे. लोकांनी फेकून दिलेल्या खापरावरून त्याला नाव मिळाले, गाडगेबाबा. आजच्या भाषेत सांगायचे तर एका ‘डिस्पोज’ केलेल्या भांड्याने महाराष्ट्राला संत दिला. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यांच्या नावाने राज्य शासनाचे ग्रामस्वच्छता अभियान चालते, त्याच्या फलकावर खराटा असतो. तो खराटा स्वतःच्या हातात घेणारे किती, हे प्रत्येक गावाने आपले आपण मोजावे.

खिडकीतला पेला

आता शहरातील एखाद्या सुखवस्तू वसाहतीत चला. तेथील माणसे सुशिक्षित आहेत, सुसंस्कृत आहेत, सणावाराला देणग्या देणारी आहेत. त्यांच्या आज्यांच्या काळी परसदारी किंवा खिडकीत एक वेगळा पेला, कान तुटलेली एक कपबशी ठेवलेली असे. झाडणारा आला की त्यात वरून चहा ओतला जाई. ती कपबशी आता त्या घरात नाही. नातसून झाडणाऱ्या बाईला चहा आवर्जून देते, प्रेमानेही देते. पण देते कागदी पेल्यात. घरच्या पाहुण्याला चिनी मातीचा कप, आणि जिने झाडणारीला, पार्सल आणणाऱ्या पोराला, गटार मोकळे करायला आलेल्या माणसाला डिस्पोजल. तिला विचारले तर ती म्हणेल, "अहो, त्यात काय? हायजीन म्हणून." तिच्या मनात जात नसेलही. पण कागदी पेल्याचा हा गठ्ठा नेमका कोणासाठी आणून ठेवला आहे, हे तिच्या स्वयंपाकघरातील फडताळाला माहीत आहे. खिडकीतील कपबशी पाहणाऱ्याला निदान लाजवत तरी असे. कागदी पेला पुरावा मागे ठेवत नाही. तो फेकला की विटाळही फेकला गेला! आणि तो पेला दुसऱ्या दिवशी सकाळी उचलायला कोण येते? जिने त्यातून चहा घेतला तीच.

या हायजीनचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कागदी पेला कागदी नसतो. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की अशा पेल्यात गरम पेय पंधरा मिनिटे राहिले तर १०० मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्मकण उतरतात. घासलेला स्टीलचा पेला त्यापेक्षा शुचिर्भूत आहे.

शब्दाला आणखी एक खोड असते. तो वस्तूवरून माणसावर उडी मारतो. ज्या समाजात वस्तू वापरून फेकण्याची सवय लागते, तेथे माणसाकडेही त्याच नजरेने पाहिले जाऊ लागते. केव्हिन बेल्स या अभ्यासकाने १९९९ मध्ये आधुनिक गुलामगिरीवर पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘डिस्पोजेबल पीपल’. त्यातील विचार थोडक्यात असा की, पूर्वीचा गुलाम महाग होता म्हणून मालक त्याला जपत तरी असे. आजचा इतका स्वस्त आहे की आजारी पडला तर टाकून दुसरा घेणे परवडते. हे परदेशातील वर्णन म्हणून सोडून देता येत नाही. मैला हाताने साफ करण्याच्या प्रथेवर आपल्याकडे १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भूमिगत गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ माणसे उतरतच होती. मुखपट आणि हातमोजे डिस्पोजेबल असावेत म्हणून जो समाज २०२० च्या महामारीत इतका जागरूक होता, त्याला गटारात उतरणारा माणूस डिस्पोजेबल आहे, हे खटकायला न्यायालय लागते. कंत्राटी सफाई कामगाराचे कंत्राट अकरा महिन्यांनी संपते आणि बाराव्या महिन्यात तो नवा म्हणून लागतो, ही या शब्दाची सरकारी आवृत्ती. वृद्ध आई-वडिलांच्या पोटगीसाठी २००७ मध्ये कायदा करावा लागला, ही घरगुती. भाकड गाईसाठी पांजरपोळ बांधणाऱ्या देशात हा कायदा लागावा!

टाकलेली वस्तू कोठेतरी जाऊन पडतेच. मुंबईची १९२७ पासून देवनारला पडते. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा धूर शहराने डोळ्यांनी पाहिला. पुण्याची अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या अंगणात पडत आली. तेथील ग्रामस्थ गाड्या अडवून बसले की शहराला ते अडेलतट्टू वाटतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली, त्यानंतर नाल्यांत अडकलेल्या प्लास्टिक पिशव्यांची चर्चा झाली. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. कायदे चांगले आहेत. कंत्राटदाराने त्यावर तोड काढली : थर्माकोल जाऊन चंदेरी मुलाम्याचे पुठ्ठ्याचे ताट आले. शब्द तोच राहिला, वधुपित्याचे उत्तरही तेच राहिले.

संघाच्या शिबिराला गेलेल्यांना साहित्याची यादी पाठ असते. अंथरूण, दंड, ताट, वाटी, पेला. जेवण झाले की सगळे एका रांगेत नळाशी. वकील, शेतकरी, विद्यार्थी, कारखानदार, प्रत्येकाने आपले ताट आपण घासायचे. तेथे त्यावर व्याख्यान होत नाही, कारण त्याची गरज पडत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याच्या शिबिराला भेट दिली, तेव्हा स्वयंसेवक एकमेकांची जात न विचारता एकत्र जेवतात, हे त्यांच्या नजरेत भरले होते. ज्याचे उष्टे त्यानेच धुवायचे, एवढ्या एका नियमाने पत्रावळी कोणी उचलायच्या हा प्रश्न मुळातूनच मिटतो. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात पर्यावरण गतिविधीच्या कार्यकर्त्यांनी देशभरातील घराघरांतून स्टीलची ताटे आणि कापडी पिशव्या गोळा करून पाठवल्या, ‘एक थाळी, एक थैला’ या नावाने. भंडाऱ्यांतून ती ताटे फिरली, धुतली गेली, पुन्हा वाढली गेली. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेकरी पाळीपाळीने येतात, विनावेतन, गावोगावाहून. त्यांच्या वाट्याला वाढप येते, झाडू येतो, खरकटी ताटेही येतात. घरी ज्यांनी कधी कप विसळला नसेल, अशी माणसे तेथे ती कामे आनंदाने करतात आणि पुढच्या पाळीसाठी आपले नाव नोंदवून परततात. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांच्याकडे कंत्राटदार येईलच. वही मिटता मिटता तो विचारेलही. स्टीलच्या ताटांचे भाडे त्याच्याकडे असते, फक्त धुणाऱ्यांची मजुरी तो वेगळी लावतो. ती काय आहे, हे त्याला विचारून पाहावे, आणि ताटे धुणाऱ्यांची पंगत आपल्या पाहुण्यांबरोबरच बसवता येते का, हेही.